कायद्यापुरत्या खाचा

पहिल्या मोटारींचे टायर गोटाच असत. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉपने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर बनवला. १८९५ साली मिशेलिन बंधूंनी पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरांची मोटार उतरवली आणि वाटभर पंक्चरं काढली. तोवर रबरावर नक्षी कापावी असं कुणाला फारसं सुचलं नव्हतं. चिखलात आणि पावसात गाड्या आडव्या होऊ लागल्या, तेव्हा नक्षी आली. कॉन्टिनेन्टलने १९०४ मध्ये नक्षीचा मोटार-टायर बाजारात आणला. अमेरिकेत हार्वी फायरस्टोनने १९०८ मध्ये तर टायरवर ‘नॉन स्किड’ ही अक्षरंच उठावाने घडवली. घसरू नये म्हणून केलेली सोय आणि तिची जाहिरात एकाच रबरात! धुळीच्या रस्त्यावरून गाडी गेली की मागे मजकूर छापला जाई.

तेव्हापासून खोल नक्षी म्हणजे पक्की पकड ही समजूत आपल्या डोक्यात बसली आहे, आणि ती अर्धीच खरी आहे. कोरड्या डांबरावर टायरला खाचांचा काही उपयोग नसतो. एकेका टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो, आणि त्यातही खाचा काढल्या तर भिडणारं रबर कमी होतं. शिवाय नक्षीचे उंच ठोकळे वळणावर वाकतात, घासतात आणि तापतात. खाचा लागतात त्या पाण्याला वाट काढून द्यायला. हे शर्यतवाल्यांनी आधी ओळखलं. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या सरळ रेषेतल्या शर्यतींत बिननक्षीचे, मऊ रबराचे ‘स्लिक’ टायर आले. फॉर्म्युला वनमध्ये ते १९७१ साली पोचले. तिथे १९९८ मध्ये उलटी गंमत झाली: गाड्या फार वेगाने वळतात म्हणून नियामकांनी टायरवर खाचा सक्तीच्या केल्या. पकड कमी करण्यासाठी खाचा! २००९ मध्ये त्या काढल्या, तोवर अकरा हंगाम गेले होते.

रस्त्याचा टायर आणि शर्यतीचा टायर अशा दोन वाटा १९७० च्या दशकात स्पष्ट वेगळ्या झाल्या. सेमी-स्लिक हा या दोन वाटांमधला टायर आहे. आमच्या मते त्याचा जन्म प्रयोगशाळेपेक्षा नियमपुस्तकात झाला. तो कसा, हे पाहायला जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगरात जायला हवं.

तिथल्या अडेनाऊ भागात, बेरोजगारांना काम मिळावं या हेतूने, १९२५ मध्ये न्युर्बुर्गरिंगचं काम सुरू झालं आणि जून १९२७ मध्ये ट्रॅक खुला झाला. त्याचा आज उरलेला उत्तरेकडचा वळसा, नॉर्डश्लाइफं, २०.८ किलोमीटरचा आहे. पहिल्या वर्षापासून तो सामान्य माणसालाही खुला होता. शर्यत नसेल त्या दिवशी पैसे भरायचे, फाटक उघडतं, आपली गाडी घालायची. कायद्याच्या नजरेत तो एकेरी वाहतुकीचा टोलरस्ता आहे. म्हणून तिथे वाहतुकीचे नियम लागू होतात, डावीकडूनच ओव्हरटेक करायचं असतं आणि घड्याळ लावून शर्यत करायला बंदी असते. कठडा वाकवला तर त्याचं बिल गाडीवाल्याच्या घरी येतं. आणि रस्ता म्हटला की गाडीही रस्त्यावर चालवण्यालायक हवी. म्हणजे पूर्ण बिननक्षीचा टायर तिथे चालत नाही. ज्याला जास्तीत जास्त पकड हवी पण फाटकावर अडून राहायचं नाही, त्याच्यासाठी एकच जागा उरते: खाचा कायद्यापुरत्या, बाकी सगळं रबर.

हेच कोडं अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये हौशी शर्यतींच्या नियमांनी घातलं. शोरूममधून निघालेली गाडी, तिला रस्त्यावर चालणारेच टायर, अशी अट. हेतू चांगला होता: खर्च आटोक्यात राहावा. कारखान्यांनी अटीचं अक्षर पाळलं. १९८० च्या दशकापासून योकोहामा, बीएफ गुडरिच, टोयो, डनलॉप यांनी सरकारी शिक्का असलेले पण मनाने शर्यतीचे टायर काढले. इंडियानाच्या हूझियर कंपनीचे काही टायर तर परिघाला दोन सरळ खाचा एवढ्याच नक्षीवर भागवतात. त्यांच्यावर रस्त्याच्या मान्यतेचा शिक्का असतो आणि सार्वजनिक रस्त्यावर वापरू नका असं कंपनीच सांगते. आपल्याकडच्या सरकारी कागदांची सवय असलेल्या वाचकाला यात नवल वाटू नये.

नियम करणाऱ्यांनी मग दुसरी मोजपट्टी काढली. अमेरिकेत टायरवर झिजेचा एक आकडा छापावा लागतो. टेक्सासमधल्या सॅन अँजेलोभोवती ४०० मैलांच्या ठरावीक रस्त्यावर ७,२०० मैल गाड्या पळवून प्रमाण टायरशी तुलना करतात. प्रमाण टायर १००, त्याच्या दुप्पट टिकणारा २००. हौशी स्पर्धांनी म्हटलं, २०० च्या खालचा टायर नको. जुन्या भंगार गाड्यांच्या ‘२४ अवर्स ऑफ लेमन्स’ या धमाल शर्यतमालिकेने १९० ची रेघ ओढली. पण टायरवर छापायचा आकडा ठरवतो शेवटी कारखानदारच. थोड्याच वर्षांत २०० चा शिक्का घेतलेले असे टायर आले की जे आधीच्या पिढीतल्या १०० वाल्यांना वळणावर मागे टाकत, आणि झिजतानाही २०० चं भान ठेवत नसत. आकड्याने मोजायला गेलं की आकडा जपला जातो, हे शाळेच्या निकालांपासून आपल्याला ठाऊक आहे.

आता या टायरांवर बसणाऱ्या माणसाकडे वळू. ट्रॅक-डे म्हणजे शर्यत नव्हे. पैसे भरून, सकाळची सूचनांची बैठक ऐकून, आपलीच गाडी मोकळ्या ट्रॅकवर चालवायचा दिवस. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात जुन्या विमानतळांवर आणि कॅसल कूम्बसारख्या ट्रॅकवर तो रुजला. साध्या टायरवरून सेमी-स्लिकवर आलेला चालक सांगतो त्यात पहिल्या आनंदाचा वाटा मोठा असतो. गाडी तीच, पण उशिरा ब्रेक मारला तरी थांबते, आणि जिथे नाक बाहेर पळायचं तिथे मुकाट वळते. त्या आनंदात खोटं काही नाही. त्याचं बिल मात्र हप्त्याहप्त्याने येतं.

पहिला हप्ता पहिल्याच फेरीत. हे रबर गार असताना कडक असतं. सकाळच्या गारठ्यात, दवाने ओलसर ट्रॅकवर, नवशिक्या दुसऱ्याच वळणाला गवतात जातो आणि टायरला दोष देतो. रबर कामाला येईपर्यंत दोनेक फेऱ्या सबुरीने काढाव्या लागतात. मग ताप चढतो, हवा फुगते. गार टायरमध्ये २६–२७ पीएसआय भरून गेलेला चालक परत येतो तेव्हा मापक तेहतीस-चौतीस दाखवतो. दाब वाढला की टायरचा मधलाच पट्टा टेकतो आणि गाडी तरंगल्यासारखी वाटते. म्हणून अनुभवी लोक पिटमध्ये येताच गरम टायरमधली हवा सोडतात. संध्याकाळी घरी निघताना ती पुन्हा भरावी लागते. हे विसरून अर्ध्या हवेवर हमरस्त्याला लागणारे दर ट्रॅक-डेला निघतात. काही जण सुईसारखं तापमापक रबरात टोचून आतली कड, मध्य आणि बाहेरची कड मोजतात. बाहेरची कडच भाजलेली निघाली की चाकाचा वरचा भाग आणखी आत कलता हवा. हे सगळं शिकण्यात खरी मजा आहे, आणि ज्यांना या मोजमापात रस नाही त्यांनी हे टायर घेऊन उगाच पैसे घालवू नयेत असं आम्हांला वाटतं.

दुसरा हप्ता गाडीचा. पकड वाढली की वळणातला आडवा जोर वाढतो, आणि तो सगळीकडे पोचतो. बेअरिंगं लवकर जातात, ब्रेक भाजतात. सर्वांत महाग धडा तेलाचा. लांब वळणावर इंजिनातलं तेल टाकीच्या एका बाजूला जमतं, पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि इंजिन काही क्षण कोरडं फिरतं. साध्या टायरवर गाडी तेवढी टिकतच नव्हती, आधीच घसरत होती. ते घसरणं इंजिनाचं संरक्षण होतं हे टायर बदलल्यावर कळतं.

तिसरा हप्ता चालकाच्या कौशल्याचा, आणि तो सर्वांत कमी बोलला जातो. साधा टायर हद्दीजवळ आला की किंचाळतो आणि हळूहळू सोडतो. बऱ्याच सेमी-स्लिकांचा आवाज कमी असतो, हद्द बरीच पुढे असते, आणि ती ओलांडली की चूक सावरायला वेळ कमी मिळतो, कारण वेगच जास्त असतो. म्हणून जाणते प्रशिक्षक नवख्याला पहिला हंगाम साध्या टायरवर काढायला सांगतात. फारच थोडे ऐकतात. नॉर्डश्लाइफंच्या गावातच वाढलेली सबीन श्मिट्झ हिने टॉप गिअर या कार्यक्रमासाठी डिझेल फोर्ड ट्रान्झिट, म्हणजे सामान वाहायची व्हॅन, तिथे १० मिनिटं ८ सेकंदांत फिरवली होती. महागडे टायर चढवलेले कितीतरी पाहुणे तेवढंही साधत नाहीत.

टायर मरतो कसा, हा इथला खरा मुद्दा. जर्मनीत काय किंवा भारतात काय, मोटारीच्या टायरची कायद्यातली किमान खोली १.६ मिलिमीटर. पण सेमी-स्लिक खोली संपून मरतोच असं नाही. प्रत्येक वेळी कडक तापून गार होताना त्याचं रबर थोडं थोडं कडक होत जातं. शेवटी खाचा शाबूत असतात, पोलिसाचं मापक समाधानी असतं आणि पकड मात्र गेलेली असते. उलट, अमेरिकेत हौशी शर्यतवाले नवाकोरा टायर यंत्रावर तासून खाचा उथळ करून घेत, कारण उथळ नक्षी कमी वाकते आणि कमी तापते. म्हणजे कायदा ज्याला टायरचं आयुष्य समजतो ते शर्यतवाला पैसे देऊन काढून टाकतो. खाचेची खोली हे पाण्यासाठीचं माप आहे, रबराच्या जिवंतपणाचं नव्हे.

आणि पाणी येतंच. आयफेलमध्ये ट्रॅकच्या एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला सर, हे नेहमीचं. १ ऑगस्ट १९७६ ची जर्मन ग्रांप्री अशाच हवेत सुरू झाली. बहुतेकांनी पावसाळी टायर लावले, योखेन मासने स्लिकवर सुरुवात केली आणि ट्रॅक वाळू लागताच तो पुढे निघाला. निकी लाउडा पहिल्या फेरीनंतर टायर बदलून स्लिकवर परतला आणि दुसऱ्याच फेरीत बर्गवेर्क वळणाच्या अलीकडे त्याची गाडी आदळून पेटली. मेर्झारियो, एडवर्ड्स, लंगर आणि अर्टल या चार चालकांनी त्याला बाहेर ओढलं. अपघाताला टायरच कारण होते असं म्हणायला आधार नाही, गाडीचा एखादा भाग तुटल्याचा संशय जास्त घेतला गेला. तरी एवढं खरं, की जगातले बहुतेक उत्तम चालक आणि त्यांचे संघ त्या दिवशी वीस मिनिटांपुढची हवा ओळखू शकले नाहीत. ट्रॅक-डेच्या हौशी चालकाकडे तर बदलायला दुसरा संच नसतो, आणि त्याच टायरांवर त्याला घरी जायचं असतं.

इथे मोटार कंपन्यांना जाब विचारायला हवा. पूर्वी सेमी-स्लिक घ्यायचा तो हौशी माणूस शोधून घेत असे. २००० नंतर तो शोरूममधूनच येऊ लागला: लोटस एक्झीजवर योकोहामाचा ए०४८, पोर्शं ९११ जीटी३ वर मिशेलिनचा पायलट स्पोर्ट कप. पोर्शंने २०२१ मध्ये नव्या जीटी३ ची नॉर्डश्लाइफंची पूर्ण फेरी ६ मिनिटं ५९.९२७ सेकंदांची जाहीर केली, ती कप २ आर या टायरवर. कंपनीने टायरचं नाव लपवलं नव्हतं. पण वाचणाऱ्याच्या लक्षात राहतो तो आकडा, आणि त्यातले किती सेकंद इंजिनिअरचे आणि किती रबराचे हे कुणी सांगत नाही. प्रत्येक विक्रमाच्या जोडीला साध्या टायरवरची फेरी छापायची प्रथा पाडली तर कितीतरी विक्रमांचा थाट उतरेल.

आपल्याकडे शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, १९९० मध्ये चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आला आणि २००३ मध्ये कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे. पुण्या-मुंबईचे हौशी आजही तिकडे जातात. तमिळनाडूच्या उन्हात गार टायरची तक्रार कमी आणि भाजलेल्या टायरची जास्त. ज्यांना जमतं ते गाडी ट्रकवर चढवून नेतात, तेच शहाणपणाचं. जुलैत खंडाळ्याचा घाट सेमी-स्लिकवर उतरणं हे धाडसाचं काम नव्हे, दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे, मग खाचा १.६ मिलिमीटरहून कितीही खोल असोत.

युरोपने या बाबतीत एक पाऊल टाकलं आहे. टायरची ओल्या रस्त्यावरची पकड पूर्वी नव्या टायरवरच तपासली जाई. २०२४ पासून मोटारींच्या नव्या प्रकारच्या टायरांना झिजलेल्या अवस्थेतही ती चाचणी द्यावी लागते. म्हणजे खाच किती उरली यावर न थांबता, उरलेल्या टायरने गाडी किती अंतरात थांबते हे पाहिलं जातं. आमची पुढची मागणी त्याच रांगेतली आहे: रस्त्याचा शिक्का हवा असेल तर पाच अंश तापमानाला, गार टायरवर, ओल्या डांबरावर ब्रेकचं अंतर मोजून ते टायरच्या कडेला छापा. ज्या कंपन्या लॅपचा सेकंद हजाराव्या भागापर्यंत मोजतात त्यांना हे अवघड जाऊ नये.