उतरण मोजायची कशाने?

18 मार्च 2017 च्या रात्री न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बारावी फेरी संपल्याची घंटा झाली तेव्हा डॅनियल जेकब्स आपल्या पायांवर उभा होता, आणि तेवढ्यावरून गेनादी गोलोव्हकिन उतरणीला लागल्याची हाकाटी सुरू झाली. लढत गोलोव्हकिनने जिंकली होती. चौथ्या फेरीत त्याने जेकब्सला खाली पाडले होते आणि तिन्ही पंचांनी निकाल त्याच्याच बाजूने दिला होता (115-112, 115-112, 114-113). पण 2008 पासून चाललेली सलग 23 नॉकआउटची मालिका तुटली होती, आणि पस्तिशी तीन आठवड्यांवर आली होती. एका गटाने वयाकडे बोट दाखवले, दुसऱ्याने जेकब्सकडे. आपल्याकडच्या जिममध्येही प्रत्येक ज्येष्ठ बॉक्सरबद्दल हाच वाद घातला जातो, आणि बहुतेक वेळा ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो. गोलोव्हकिनची कारकीर्द आता पूर्ण झालेली आहे आणि तिच्यात सहसा न सापडणारी एक सोय आहे: तो एकाच प्रतिस्पर्ध्याशी पाच वर्षांच्या काळात तीनदा लढला. त्या आधारे हा वाद पुराव्याने सोडवता येतो, असे आमचे मत आहे.

आधी त्या 23 नॉकआउटकडे पाहू. डॅनियल गील तिसऱ्या फेरीत गेला, मार्को अँटोनियो रुबिओ दुसऱ्या, डॉमिनिक वेडही दुसऱ्याच. केल ब्रूक हा अव्वल बॉक्सर, पण तो 147 पौंडांच्या गटातून थेट 160 मध्ये आला होता. हे सारे सामान्य होते असे नाही. मोठी नावे त्या काळात गोलोव्हकिनच्या वाटेला जात नव्हती, हा त्याचा दोष नव्हे. पण बाद करण्याची मालिका बाद होणाऱ्याविषयीही तेवढेच सांगते, हे विसरून चालत नाही. 2013 मध्ये मॅथ्यू मॅकलिनला त्याने तिसऱ्या फेरीत दोरांपाशी गाठले, हात डोक्याकडे वर घ्यायला लावले आणि मोकळ्या पडलेल्या फासळ्यांत डावा हुक घातला. मॅकलिन वेदनेने कळवळत खाली गेला. हा ठोसा बसतो तो समोरचा दोरांना टेकून थांबला म्हणून. जेकब्स थांबला नाही. तो उंच होता, हात चपळ होते, मध्येच स्टान्स बदलून डावखुरा होत होता, शिवाय लढतीच्या सकाळचे वजन त्याने टाळल्यामुळे रिंगमध्ये किती भारी शरीर उतरले हे गुलदस्त्यातच राहिले. त्या रात्री बदलला तो प्रतिस्पर्धी. पुरावा हवा असेल तर पुढचे दीड वर्ष पाहावे. सप्टेंबर 2017 मध्ये सॉल ‘कानेलो’ अल्वारेझविरुद्ध गोलोव्हकिनने 703 ठोसे फेकले आणि सप्टेंबर 2018 च्या दुसऱ्या लढतीत 879. छत्तिसाव्या वर्षी, जगातल्या उत्तम काउंटर-पंचरसमोर, बारा फेऱ्यांत 879. अशा माणसाला मार्च 2017 मध्येच निवृत्तीच्या रांगेत उभे करणारे घाईत होते.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. पहिल्या लढतीत गोलोव्हकिनचे 218 ठोसे लागले, त्यांतले अंगावर फक्त 8. दुसऱ्या लढतीत 234 पैकी 6. ज्याची ओळखच फासळ्यांवरच्या डाव्या हुकची, त्याचे हे आकडे म्हणजे उतरण नाही तर काय? अंगावर मारायला पुढचा पाय आत रोवावा लागतो, डोके खाली जाते आणि परत बाहेर येईपर्यंत काही क्षण आपण उघडे असतो. अल्वारेझसमोर त्या क्षणाची किंमत अपरकट असते. त्यामुळे 8 आणि 6 हे आकडे भीतीचे असतील, हिशेबाचे असतील, वयाचेही असू शकतील. आकडा एकच आणि कारणे तीन. नेमक्या अशाच ठिकाणी आपण प्रशिक्षक मंडळी मनात आधीपासून असलेले उत्तर आकड्यात वाचतो. (पहिल्या लढतीत एका पंचाने अल्वारेझला 118-110 दिले होते. तेव्हा आकडे वाचण्याची अडचण फक्त प्रशिक्षकांचीच नाही.)

ऑक्टोबर 2019 ची सर्गेई डेरेव्यानचेन्कोविरुद्धची लढत या वादात सर्वाधिक वापरली जाते. पाचव्या फेरीत अंगावरच्या डाव्या ठोशाने गोलोव्हकिन वाकलेला सर्वांनी पाहिला. तोवर कोणाला न जमलेले 230 ठोसे डेरेव्यानचेन्कोने त्याला लगावले. निकाल पुन्हा काठावरचा. पण हाच डेरेव्यानचेन्को वर्षभर आधी जेकब्सकडून विभागलेल्या निर्णयाने हरला होता, तोही ऐन भरातल्या जेकब्सकडून. म्हणजे तो कोणालाही सुखाने जिंकू न देणाऱ्या जातीचा होता. त्यातून पहिल्याच फेरीत गोलोव्हकिनने त्याला खाली पाडले होते, हेही नोंदवले पाहिजे. या पहिल्या फेरीकडे आपण परत येणार आहोत. 2019 चा निकाल म्हणून आम्ही संशयाचा फायदा बॉक्सरला देतो.

2022 मध्ये मात्र संशय उरत नाही, आणि गंमत अशी की त्या वर्षाची सुरुवात नॉकआउटने झाली. एप्रिलमध्ये, चाळिशी पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, गोलोव्हकिनने जपानमध्ये रिओटा मुराटाला नवव्या फेरीत संपवले. वर्तमानपत्रांनी ‘जुना गोलोव्हकिन’ परत आल्याचे लिहिले. पहिल्या काही फेऱ्यांत मुराटाचे अंगावरचे उजवे ठोसे त्याला मागे रेटत होते, याकडे फार कोणी लक्ष दिले नाही. मुराटा समोर उभा राहणारा होता, म्हणून उशिरा का होईना हिशेब चुकता झाला. पाच महिन्यांनी अल्वारेझ तिसऱ्यांदा समोर आला. या वेळी गोलोव्हकिनने फेकले 521, आणि लागले 120. अल्वारेझचा आकडा 495, म्हणजे पहिल्या लढतीतल्या 505 च्या जवळपास तेवढाच. प्रतिस्पर्धी तोच, त्याची गती जवळपास तीच आणि गोलोव्हकिनच्या खात्यातून मात्र 180 ठोसे गायब. दुसऱ्या लढतीशी तुलना केली तर 350 हून अधिक. त्यात अल्वारेझच्या डाव्या मनगटावर लढतीनंतर शस्त्रक्रिया करावी लागली, म्हणजे तोही धड नव्हता.

विरोधात बरेच काही म्हणता येईल. हे आकडे रिंगशेजारी बसून बटणे दाबणारी माणसे मोजतात, त्यांत चूक होते. खरे आहे, पण शे-दोनशे ठोशांची चूक एकाच बॉक्सरच्या वाट्याला येत नाही. लढत 168 पौंडांवर झाली, गोलोव्हकिन त्या गटात पहिल्यांदाच उतरला होता. हा मुद्दा आम्ही निम्मा मान्य करतो. नव्या वजनाने पाय जड होतात. पण जड पायांचा बॉक्सर शेवटच्या फेऱ्यांत ढेपाळतो, आणि इथे घडले उलटे: उत्तरार्धात तोच पुढे सरकत होता. तिसरे म्हणणे, त्याने मुद्दाम संयम ठेवला. पहिल्या लढतीतही सुरुवात अल्वारेझचीच होती, हेही खरे. पण तेव्हा चौथ्या फेरीपासून गोलोव्हकिनने रिंग ताब्यात घेतली होती, 2022 मध्ये त्यासाठी निम्मी लढत उलटावी लागली. आमचा मुद्दा इथेच आहे. म्हातारा बॉक्सर दमाने हरतो, असे आपण शिकवत आलो. गोलोव्हकिनचा दम शाबूत होता, ठोशातली ताकद मुराटाने अनुभवली होती, जबडा तर अखेरपर्यंत पक्का राहिला. गेला तो सुरुवातीचा निःशंकपणा, 2019 मध्ये डेरेव्यानचेन्कोला पहिल्याच फेरीत पाडताना दिसलेला. समोरच्याचा ठोसा येण्याआधी आपण बाहेर असू, हा भरवसा शरीर देईनासे झाले की अनुभवी माणूस आधी वाचतो आणि मग मारतो; वाचण्यात चार-पाच फेऱ्या जातात.

तीन फेऱ्यांच्या हौशी बॉक्सिंगमध्ये तर वाचायला वेळच नसतो. मेरी कोमने 2019 च्या जागतिक स्पर्धेत कोलंबियाच्या इंग्रिट व्हॅलेन्सियाला 5-0 असे हरवले होते. टोकियो ऑलिंपिकआधी ती पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये सरावाला होती, तेव्हा तिची तयारी आपल्यापैकी काहींनी जवळून पाहिली असेल. जुलै 2021 मध्ये तीच व्हॅलेन्सिया समोर आली आणि निकाल 3-2 असा उलटा लागला. तो अन्यायाचा होता का, यावर बरेच बोलले गेले. फेऱ्यांचा हिशेब कमी जणांनी मांडला: दुसरी आणि तिसरी फेरी पाचपैकी तीन पंचांनी मेरीला दिली होती, पहिली मात्र चौघांनी व्हॅलेन्सियाला. अडतिसाव्या वर्षी तिचा दम कमी पडला नाही; ती उशिरा सुरू झाली. एका लढतीवर आम्ही सिद्धांत उभा करणार नाही, पण दिशा तीच आहे.

म्हणून तिशी ओलांडलेल्या बॉक्सरची चाचणी नव्या, तगड्या पोराशी घेऊन काही कळत नाही, आणि सोप्या पोराशी घेतली तर चुकीचे कळते. दर तीन-चार महिन्यांनी त्याच स्पारिंग पार्टनरशी, त्याच वजनात, तेवढ्याच फेऱ्या घ्याव्यात. पार्टनरचेही ठोसे मोजावेत, कारण बदल त्याच्यातही होतो. क्लबकडे मोजणारे यंत्र नसले तरी कोपऱ्यात स्टँडवर लावलेला मोबाईल पुरतो. व्हिडिओ हळू चालवून दोघांनी वेगवेगळे मोजावे आणि मग आकडे जुळवावेत. वहीत पहिल्या फेरीच्या पहिल्या मिनिटाचा रकाना वेगळा असावा, त्यात अंगावर मारलेले ठोसेही निराळे मोजावेत, आणि ती वही बॉक्सरला दाखवायची की नाही, हे प्रत्येक प्रशिक्षकाने आपला माणूस ओळखून ठरवावे.