पाठभेद आणि पद्मिनी

जुन्या मोटारींची फेरी निघाली की मुंबईकर पदपथावर थांबतो. त्या कौतुकात आम्हीही सामील आहोत. आमचा वाद या हौसेशी नाही. 'वारसा' ह्या शब्दावर तिने सांगितलेल्या मालकीशी आहे.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षे उलटलेली आणि चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी तेवढी 'व्हिंटेज'. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. वापर प्रदर्शन, फेरी अशा निमित्तांपुरता, रोजच्या वाहतुकीस मनाई. जुन्या फोर्डला दणकट इंजिन बसवून घडवलेला हॉट रॉड अमेरिकेत मानाने मिरवतो. या व्याख्येत त्याला जागाच नाही.

कुर्ल्याला बनलेली प्रीमियर पद्मिनी पाहा. टॅक्सीवाल्यांनी तिला सीएनजीवर आणले, टपावर कॅरिअर चढवले, आतून नटवले. मुंबईत टॅक्सीला वयोमर्यादा २० वर्षांची. ऑक्टोबर २०२३ मध्ये अखेरची पद्मिनी टॅक्सी सेवेतून गेली. विशीतच बाद ठरणारी टॅक्सी पन्नाशी गाठणार कशी?

साहित्याच्या अभ्यासकांस हा पेच नवा नाही. तुकोबांच्या अभंगांतील पाठभेद आपण अशुद्ध म्हणून फेकून देत नाही. ते कित्येक मुखांतून गायिले गेल्याची ती खूण मानतो. मग मेकॅनिकचा पाठभेद तेवढा भेसळ कसा? संग्राहकांनी आपल्या फेरीत या टॅक्सीसाठी मानाची जागा मागावी. ते जमत नसेल तर आपल्या छंदाला खुशाल हौस म्हणावे. वारसा म्हणू नये.