शून्याचा एक तृतीयांश

२०२३ मध्ये महिला आरक्षणाचा कायदा झाला. लोकसभेत आणि विधानसभांत बायकांसाठी एक तृतीयांश जागा. छान! पण सिल्वासाच्या बायांनो, आपल्याकडे विधानसभा आहेच कुठे? शून्याचा एक तृतीयांश काढा बघू.

१९५४ ते १९६१ वरिष्ठ पंचायतीनं इथला कारभार चालवला, तेव्हा ‘तुम्हाला जमणार नाही’ असं कुणी आम्हाला सांगू नये. आता कारभार दिल्लीनं नेमलेल्या प्रशासकाचा. २०२१ च्या पोटनिवडणुकीत कलाबेन डेलकर निवडून आल्या, बाई खासदार झाली, आनंदच आहे. पण खासदार प्रश्न विचारणार, प्रशासकाला हटवणार नाही. नगरपालिका आहे, तिला कायदे करता येत नाहीत.

काहीजणी म्हणतात, रस्ते झाले ना, मग विधानसभा कशाला? अगं, रस्ता कुणाच्या जागेतून न्यायचा हे ठरवणाऱ्याला आपल्या दारी मत मागायला यायचंच नाही. त्याची खुर्ची ज्यांच्या हातात, तो त्यांच्याकडेच बघणार. माणूस भला असो की बुरा.

पुदुच्चेरी केंद्रशासितच, तरी तिथे विधानसभा आहे. लोकसंख्या कमी म्हणता? २०११ च्या जनगणनेत दमण-दीव धरून आपण ५ लाख ८६ हजार, सिक्कीम ६ लाख १० हजार. तिथे ३२ आमदार आहेत.