कळसाखालचा बाजार

देवालय भक्तीचें आणि बाजार व्यवहाराचा, अशी वांटणी आपण मनांत सहज करून टाकतों. इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत सॉल्सबरी नांवाचें जें नगर आहे, त्याचा इतिहास वाचला म्हणजे मात्र ही वांटणी टिकत नाहीं. या महिन्यांत त्याच नगराची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

ज्या प्रार्थनामंदिरांत बिशपचें पीठ असतें त्यास कॅथीड्रल म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थहि आसन असाच आहे. सॉल्सबरीच्या बिशपचें पीठ प्रथम ओल्ड सेरम नांवाच्या टेकडीवर, किल्ल्याच्या तटाआंत होतें. तेथें वारा अनावर, पाणी दुर्मिळ, आणि किल्ल्यांतील शिपायांशीं धर्मगुरूंचा कलह नित्याचा. अखेर बिशप रिचर्ड पूअर यानें टेकडी सोडली आणि १२२० सालीं नदीकांठच्या कुरणांत नव्या मंदिराचा पाया घातला. १२५८ सालीं त्याची प्रतिष्ठा झाली. पुढील शतकांत त्यावर चढविलेला ४०४ फूट उंचीचा कळस ब्रिटनमधील प्रार्थनामंदिरांच्या कळसांत आजहि सर्वांत उंच आहे.

परंतु पूअर हा नुसता मंदिर बांधणारा नव्हता. तो नगर वसविणाराहि होता. मंदिराच्या उत्तरेस त्यानें सरळ रस्ते आंखले, सुमारें ११५ फूट लांब व ५० फूट रुंद असे भूखंड पाडले आणि प्रत्येकाचें वार्षिक भाडें १२ पेन्स ठरविलें. नदीचें पाणी पाटांनीं रस्त्यांतून खेळविलें. १२२७ सालीं तिसऱ्या हेन्री राजाकडून बाजाराची व जत्रेची सनद मिळाली. पुढें बिशप बिंगम याच्या कारकीर्दींत, १२४४ सालीं, हार्नम येथें पूल झाला आणि वाहतुकीचा ओघच नव्या नगराकडे वळला. जवळचें विल्टन हें जुन्या बाजाराचें गांव त्यामुळें उतरणीस लागलें. एकाची पेठ वसते तेव्हां दुसऱ्याची उठते, हा व्यापाराचा निष्ठुर नियम तेथेंहि चुकला नाहीं.

सभोंवतालच्या पठारावर मेंढ्यांचे कळप होते. त्यांच्या लोकरीचा व पुढें पट्टेदार लोंकरी कापडाचा व्यापार एवढा वाढला कीं, चवदाव्या शतकाच्या अखेरीस सॉल्सबरीची गणना इंग्लंडांतील पहिल्या दहा नगरांत होऊं लागली. कापड साउदॅम्प्टन बंदरांतून परदेशीं जाई. फिश रो, ऑक्स रो, ओटमील रो, हीं त्या काळच्या बाजाराच्या ओळींचीं नांवें. मासळी कोठें, बैल कोठें आणि ओटचें पीठ कोठें विकलें जाई, हें तीं अद्यापि सांगतात.

एवढी संपत्ति आली, तरी जमिनीचा धनी बिशपच राहिला. न्याय त्याचा, बाजाराचा कर त्याचा. नगर आमच्या कष्टानें वाढलें, असें व्यापारी म्हणत. तें आम्हीं दिलेल्या भूमीवर वाढलें, असें बिशप म्हणे. आणि दोघांचेंहि म्हणणें खरें होतें! चवदाव्या शतकाच्या आरंभीं बिशपचा कर टाळण्यासाठीं नागरिकांनीं आपल्या सनदेचे हक्कच सोडून दिले. परंतु हक्कांवांचून व्यापार चालेना, तेव्हां त्यांस पुन्हा बिशपपुढें वांकावें लागलें. १४६५ सालीं लोकरीचा धनाढ्य व्यापारी व नगराध्यक्ष जॉन हॅल हा एका भूखंडावरून बिशपशीं भांडला. राजानें त्यास बंदींत टाकिलें, तथापि नागरिकांनीं दुसरा अध्यक्ष निवडण्याचें नाकारलें. खरी मोकळीक मिळाली ती १६१२ सालीं, पहिल्या जेम्स राजाच्या सनदेनें. मंदिराभोंवतीं तट उभा आहे, आणि त्याच्या वेशी आजहि रात्रीं कुलूपबंद होतात.

स्वातंत्र्य आलें म्हणजे जबाबदारीहि आलीच. ज्या पाटांचा नगरास अभिमान होता, त्यांत कालांतरानें घाण साचूं लागली. १८४९ सालीं पटकीची सांथ आली आणि सुमारें दोनशें माणसें दगावलीं. डॉ. अँड्र्यू मिडल्टन यानें पाट बुजविण्याचा आग्रह धरला. नगरसभेंतूनच त्यास विरोध झाला. वाडवडिलांची शोभा बुजवावी कशी, आणि खर्च कोणीं सोसावा? अखेर १८५० नंतरच्या दशकांत ते पाट बुजले व भुयारी गटारें झालीं. खोदकामांत जुन्या वस्तूंचा मोठा सांठा हातीं लागला, आणि त्यांतूनच १८६० सालीं तेथील वस्तुसंग्रहालय उभें राहिलें.

मंगळवारीं व शनिवारीं तो बाजार अद्यापि भरतो. आम्हांस या इतिहासांत एक गोष्ट विशेष विचारणीय वाटते. बिशपनें दिलेल्या पाण्यानेंच नगर जगलें, आणि सहाशें वर्षांनीं त्याच पाण्यानें माणसें मेलीं. येथें देणाराचा दोष नव्हता. घेणारांनीं देणगी वेळोवेळीं तपासली नाहीं, हा दोष होता. एकत्र कुटुंबांतहि वडिलांनीं घालून दिलेली शिस्त अशीच अमोल असते. परंतु वडिलांनीं किल्ल्या वेळेवर मुलांच्या हातीं द्याव्या, आणि मुलांनीं त्या घेतल्यावर घरांतील पाणी स्वच्छ आहे कीं नाहीं हें स्वतः पाहावें. दोघांपैकीं एकहि चुकला, तर कळस कितीहि उंच असो, त्याखालीं नांदणारांचें कल्याण होत नाहीं.