तांबूस पालवीचा उशिरा लागलेला हिशेब

चैत्रातली आंब्याची पालवी हातात घेऊन पाहा. मऊ, तांबूस, अंगात ताठा नसलेली, टोक जमिनीकडे लोंबलेलं. माथ्यावरचं ऊन अशा उभ्या पानावर तिरपं घसरतं. आतली प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा अजून पुरती बसलेली नसते. त्यामुळे आलेला सगळा प्रकाश साखर करण्यात खपत नाही, आणि उरलेली ऊर्जा ऑक्सिजनला बिथरवून पेशीवरच उलटते. लाल रंगद्रव्य हिरवा आणि थोडा निळा प्रकाश वाटेतच गिळतं. महिनाभरात पान निबर झालं की रंग ओसरतो.

लाल रंग म्हणजे पानाचं संरक्षण, ही कल्पना जुनीच. या रंगाला ‘अँथोसायन’ हे नाव जर्मनीच्या लुडविग मार्क्वार्ट यांनी १८३५ मध्ये दिलं. पुढे आंतोन केर्नर यांनी ऑस्ट्रियातल्या टायरॉलच्या डोंगरावर, दोन हजार मीटरच्या वर, बागेतली झाडं नेऊन लावली. सॅटुरेजा नावाच्या पुदिन्याच्या भाऊबंदाची पानं तिथल्या प्रखर उन्हात तांबडी झाली आणि तो तगला. तांबडी न होणारी जवस पिवळी पडून मेली. रंग म्हणजे हरितद्रव्यावरचं छत, असं केर्नर यांचं म्हणणं.

विसाव्या शतकानं मात्र रसायन धरलं आणि कारण सोडलं. म्युरिएल व्हेल्डेल यांचा या रंगद्रव्यांवरचा ग्रंथ १९१६ चा. रिशार्ड विल्श्टेटर आणि रॉबर्ट रॉबिन्सन यांनी त्यांची रेणुरचना उलगडली. पानाला हा रंग हवाच कशाला, याचं उत्तर अनेकांनी ‘टाकाऊ माल’ म्हणून उरकलं. (किडीला चकवण्यासाठी, ऊब धरण्यासाठी, अशीही उत्तरं होती, काही झाडांपुरती ती खरीही असतील.) अडचण मोजमापाची होती. अंधारातून उजेडात आणलेलं पान क्षणभर मंद लाल चमकतं, हे हान्स काउट्स्की यांनी १९३१ मध्ये दाखवलं होतं. पण न खपलेल्या प्रकाशाचा माग देणारी ती चमक भर उन्हात, झाडावरच्या पानावर मोजणारी उपकरणं हाती येईपर्यंत १९८० चं दशक उजाडलं. १९८७ मध्ये बार्बरा डेमिग यांनी झिआझँथिन या पिवळ्या रंगद्रव्याचा संबंध जादा ऊर्जा उष्णता करून सोडण्याशी जोडला. मग लाल-हिरव्या पानांची तुलना सुरू झाली आणि केर्नर यांचं छत पुन्हा चर्चेत आलं.

आज नेमकं उलट टोकाला जायची, संरक्षणालाच नुकसान समजायची घाई दिसते. २०१६ मध्ये इलिनॉयच्या शेतात, जादा ऊर्जा उष्णता करून सोडण्याच्या व्यवस्थेचे जनुक बदललेल्या तंबाखूचं वजन १४ ते २० टक्क्यांनी वाढलं, आणि ‘झाडाचं संरक्षण म्हणजे उत्पन्नाची गळती’ असा अर्थ काढला गेला. त्या संशोधकांनी संरक्षण काढलं नव्हतं. ढग येताच ते लवकर सैल पडेल एवढंच केलं होतं. विदर्भातल्या एप्रिलमध्ये ढग फारसे नसतात. तिथल्या पिकाला हा बदल द्यायचा तर चाचणी निबर पानावर करून भागणार नाही, कोवळ्या शेंड्यावरही ती करावी लागेल.