सबटायटलचा धंदा आणि एका स्वल्पविरामाची किंमत



पुण्यात क्लासवाले, डॉक्टर, मिसळवाले, सगळेच आता व्हिडिओ टाकतात. त्यामुळे घरबसल्या सबटायटल करून देण्याचा व्यवसाय मला चांगला वाटतो. भांडवल म्हणजे लॅपटॉप आणि नीटनेटकं मराठी. पण माझं स्पष्ट मत आहे: ग्राहक शब्दांइतकेच अचूक वेळेचे पैसे देतो. एखादी वेलांटी चुकली तर तो चालवून घेईल; बोलणं आणि ओळ जुळली नाही, तर काम परत येतं.

स्वतःची फजिती सांगतो. माझ्या व्हिडिओची एसआरटी फाईल मला वेबव्हीटीटी करायची होती. एसआरटीचं मूळ सबरिप हे फ्रान्समध्ये लिहिलेलं सॉफ्टवेअर, म्हणून तिथे मिलिसेकंदांआधी स्वल्पविराम असतो: ००:०१:२०,५००. वेबव्हीटीटीत तिथे टिंब लागतं. मी काय केलं? फाईलमधले सगळे स्वल्पविराम एका झटक्यात बदलले. वेळ बरोबर आली, पण ‘भांडवल १,५०,००० रुपये’ याचं ‘१.५०.००० रुपये’ झालं!

म्हणून टूल स्वतः बनवा किंवा बनवून घ्या, पण तीन गोष्टी तपासाच.

१. बदल फक्त वेळेच्या ओळीत, म्हणजे बाणाच्या (-->) दोन्ही बाजूंना. मजकुराला हात नाही.

२. फाईल वाचताना प्रत्येक वेळ आधी मिलिसेकंदांत मोजा, मग हव्या त्या फॉरमॅटमध्ये लिहा. एएसएस फाईलमध्ये शेवटचे दोन आकडे सेकंदाचे शंभरावे भाग असतात. तिथले ५० म्हणजे ५०० मिलिसेकंद. वेबव्हीटीटीत तास गाळलेला चालतो, म्हणून ०१:२०.५०० म्हणजे एक मिनिट वीस सेकंद, तास नव्हे.

३. मी इथे मराठी आकडे लिहिलेत, पण फाईलमधली वेळ इंग्रजी आकड्यांतच हवी. गंमत म्हणजे पायथन ३ मराठी आकडेही संख्या म्हणून स्वीकारतं. तुमचं टूल ‘ओके’ म्हणेल आणि ग्राहकाच्या प्लेअरवर ओळच दिसणार नाही.

फाईल देण्याआधी सुरुवात, मध्य आणि शेवट असं तीन ठिकाणी व्हिडिओ लावून बघा. २४ फ्रेमवर बनवलेली सबटायटल २५ फ्रेमच्या कॉपीला लावली, तर पहिली ओळ जुळते, पण तासाभराने २ मिनिटं २४ सेकंदांचा फरक पडतो!

‘स्वस्तात करून देतो’ म्हणणारे खूप भेटतील. तुम्ही ‘तपासून देतो’ म्हणा, आणि त्या तपासणीचे पैसे दरातच धरा. लाजू नका. ग्राहक दुसऱ्यांदा येतो तो त्यासाठीच.