अर्थशास्त्राने माहुलला यावे

प्रति,
मा. कुलगुरू, मुंबई विद्यापीठ,
तसेच विद्यापीठातील अर्थशास्त्राचे सर्व प्राध्यापक,
कलिना, मुंबई.

विषय: अर्थशास्त्रातील विविध विचारप्रवाहांवरील व्याख्याने माहुलमध्ये, मराठीतून व्हावीत.



मी माहुलगावचा. पदवीच्या वर्गांना अर्थशास्त्र शिकवतो. एकदा ‘बाह्यता’ शिकवत होतो. कारखान्याच्या धुराचा त्रास शेजाऱ्याला होतो, पण तो खर्च मालाच्या किमतीत धरला जात नाही. व्यवहाराच्या बाहेर राहतो, असे मी फळ्यावर मांडले. प्रकल्पग्रस्तांच्या इमारतीत राहणारी एक मुलगी म्हणाली, “सर, बाहेर म्हणजे कोणाच्या बाहेर? आमच्या तर तो घरात येतो.” पुस्तकातले उत्तर दोन ओळींचे होते: कर लावा, किंमत ताळ्यावर येईल. तेच मी सांगितले. ती गप्प बसली, पण तिला ते पटले नव्हते, हे मला दिसत होते. त्या दिवसापासून हे पत्र माझ्या मनात आहे.

माहुलला तेलशुद्धीकरण कारखाना 1955 साली सुरू झाला. पुढे आसपास रसायनांच्या, खतांच्या कारखान्यांची आणि साठवण टाक्यांची भर पडली. त्याआधीपासून खाडीवर जगणारा कोळी समाज इथे आहे. डोल जाळी लावणारे पुरुष आणि चिखलात उतरून निवटी-चिंबोरी धरणाऱ्या बायका यांची कमाई कोणत्याही ताळेबंदात नव्हती. त्यामुळे ती घटली तेव्हा तिची नोंदही कुठे झाली नाही. नंतर तानसा जलवाहिनीच्या कडेच्या वस्त्या हटवून हजारो कुटुंबांना इथे आणले गेले. 72 इमारती, 17 हजारांवर घरे, प्रत्येकी 225 चौरस फूट. कागदावर ते पुनर्वसन होते. पण डिसेंबर 2015 मध्येच राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने माहुल, आंबापाडा आणि चेंबूर इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे म्हटले होते. ऑक्टोबर 2018 मध्ये लोकांनी ही घरे सोडून विद्याविहारला जलवाहिनीच्या कडेला रस्त्यावर मुक्काम मांडला. डोक्यावरचे पक्के छप्पर सोडून माणसे फुटपाथवर का येतात, हा प्रश्न अर्थशास्त्राचा नव्हे तर कोणाचा?

माहुलची किंमत न्यायालयांना करावी लागली. सप्टेंबर 2019 मध्ये उच्च न्यायालयाने या कुटुंबांना दुसरीकडे राहण्यासाठी दरमहा 15,000 रुपये भाडे आणि 45,000 रुपये अनामत देण्याचा आदेश दिला. ऑगस्ट 2020 मध्ये हरित न्यायाधिकरणाने हवेच्या प्रदूषणापोटी परिसरातल्या चार कंपन्यांवर मिळून सुमारे 286 कोटींची भरपाई बसवली. भाड्याचा हिशोब बाजारभावाने होतो, प्रदूषणाचा सूत्राने. मुलाला दम्याचा त्रास म्हणून आईने सोडलेली धुण्याभांड्यांची कामे यांतल्या कोणत्या रकान्यात बसतात?

अर्थशास्त्रात याचे एकच उत्तर नाही, आणि ती या विषयाची श्रीमंती आहे. आर्थर पिगू यांनी 1920 मध्ये कराचा मार्ग मांडला. तोच आपल्या पुस्तकांत आहे. विल्यम काप यांनी 1950 मध्ये सांगितले की, खर्च दुसऱ्याच्या अंगावर ढकलणे हा बाजाराचा अपवाद नाही, नफ्याच्या व्यवस्थेतली ती नेहमीची रीत आहे. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी दाखवले की, मच्छीमारीची ठिकाणे, कुरणे, पाणी यांचे नियम लोक स्वतः ठरवतात आणि पाळतातही. अमर्त्य सेन विचारतील, घर मिळाले खरे, पण त्या घरात माणसाला काय करता येते, काय होता येते? स्त्रीवादी अर्थशास्त्र त्या आईचे न मोजलेले तास मोजायला सांगेल. माहुल समजून घ्यायला यांतले एकही उत्तर पुरे नाही. सगळी शेजारी ठेवून तपासावी लागतात. 2008 च्या मंदीनंतर, 2014 मध्ये, जगभरातल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थी संघटनांनी खुल्या पत्रातून हेच मागितले: आम्हाला एकच अर्थशास्त्र शिकवू नका.

आपल्याकडे ही मागणी त्याहून जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी 1892 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात व्याख्यान देऊन सांगितले की, पाश्चात्त्य अर्थशास्त्राचे सिद्धांत सर्व देशांना सर्व काळी सारखे लागू होत नाहीत. आंबेडकरांनी 1918 मध्ये शेतीच्या तुकड्यांवर लिहिले. तुकडे जोडा आणि धारणा मोठी करा, असा तेव्हाच्या जाणकारांचा सल्ला होता. आंबेडकरांनी बोट ठेवले ते जमिनीवर विसंबलेल्या जादा माणसांवर आणि भांडवलाच्या तुटवड्यावर. इलाज म्हणून त्यांनी उद्योग सुचवले. धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली गोखले संस्थेने पुण्याचे सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण घरोघरी जाऊन केले. या तिघांनी सिद्धांत आणि माणसे समोरासमोर आणली. ही परंपरा आपल्या विद्यार्थ्यांना परीक्षेतल्या टिपांपुरतीच माहीत असते.

म्हणून माझी विनंती आहे. विविध अर्थविचारांवरची सहा व्याख्यानांची एक माला माहुलमध्ये भरवा. बहिःशाल व्याख्यानांची परंपरा विद्यापीठाकडे आहेच. प्रत्येक वेळी एकच प्रश्न घ्या: हवा, खाडी, घर, आजार, रोजगार, भरपाई. त्या प्रश्नावर वेगवेगळे विचार मानणारे दोन अभ्यासक बोलावेत आणि तिसरे बोलणारे माणूस माहुलचे असावे. त्याला शेवटी आभारापुरते उभे करू नये. त्याच्या बोलण्याला अभ्यासकांनी उत्तर द्यावे. सगळे मराठीतून व्हावे. ज्यांच्या जगण्याचा हिशोब मांडायचा, त्यांना तो वाचता आला पाहिजे, खोडताही आला पाहिजे.

दुसरी विनंती एम.ए.च्या विद्यार्थ्यांसाठी. त्यांनी वर्षभर इथल्या काही घरांचा खर्च नोंदवावा: औषधे, रिक्षाभाडे, बुडालेली रोजंदारी, शाळेचे चुकलेले दिवस. ते निष्कर्ष आधी त्या घरांसमोर वाचावेत, प्रबंधात नंतर घालावेत.

यातून माहुलची हवा सुधारणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण उद्या याच विद्यार्थ्यांतून कोणी महापालिकेत, कोणी बँकेत, कोणी कारखान्याच्या लेखाविभागात बसेल. एखादा खर्च ‘बाहेरचा’ म्हणून वगळताना तो कोणाच्या घरात शिरतो, हे त्यांनी एकदा तरी पाहिलेले असावे.

कलिना आणि माहुल एकाच जिल्ह्यात आहेत. जागेची आणि बसण्याची सोय आम्ही करू. दिवस रविवारचा असावा, कारण इतर दिवशी लोक कामावर असतात. वेळ मात्र भरती-ओहोटी पाहून ठरवू, म्हणजे खाडीवर जाणाऱ्यांनाही येता येईल. पहिल्या व्याख्यानाची तारीख कळवावी, ही विनंती.

आपला,
माहुलचा एक रहिवासी आणि अर्थशास्त्राचा शिक्षक